पूर्व भागातलं अंगणवाडीचं पाळणाघर, आमचा अनुभव आणि पैशाचा हिशोब

सोलापुरात लहान लेकरू मागं ठेवून कामावर जाणाऱ्या बायांसाठी हे लिहितेय, कारण मी शोधत होते तेव्हा कुठंच नीट माहिती मिळाली नाही, जो तो म्हणायचा अंगणवाडीत आता काहीतरी सोय निघालीय म्हणे, आणि ती सोय म्हणजे नक्की काय, किती वाजता उघडतं, खायला काय देतात, पैसे किती, हे कोणालाच धड सांगता येत नव्हतं. तर हे आहे आमच्या पूर्व भागातल्या एका अंगणवाडीला जोडलेलं पाळणाघर, सरकारी नाव पाळणा योजना. माझा धाकटा पावणेदोन वर्षाचा होता तेव्हा घातला, आता सव्वादोनच्या पुढं गेलाय. लेकराच्या बाबतीत मी पूर्ण समाधानी आहे, हे आधीच सांगते. जे कमी पडतंय ते तिथल्या बायांमुळं नाही, पैशामुळं कमी पडतंय, आणि तो पैसा कोण किती देतं हे पण खाली लिहिलंय कारण ते समजल्याशिवाय या जागेबद्दल चांगलं-वाईट बोलणं मला बरोबर वाटत नाही.

आधी आमची गरज काय होती ते. मी युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाई मशीनवर आहे, शाळेचे शर्ट, पिनाफोर, माझ्याकडं कॉलरचं काम असतं. आपल्याकडं असे बारके कारखाने गल्लीगल्लीत आहेत, कोणाच्या माडीवर वीस मशीन, कोणाच्या पत्र्याच्या शेडमध्ये पंधरा. पैसे पीसवर. सकाळी साडेनऊ-दहाला बसायचं आणि सीझन असला, म्हणजे शाळा उघडायच्या आधीचे महिने, की संध्याकाळचे सात पण वाजतात. आता कायद्यात पाळणाघराची सोय कधीपासून लिहिलेली आहे, १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ४८ होतं की तीसपेक्षा जास्त बाया कामाला असतील तर तिथं लेकरांसाठी खोली पाहिजे, आणि २०१७ ला मातृत्व लाभाचा कायदा बदलला तेव्हा पन्नास किंवा त्याच्यापेक्षा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं, आईला दिवसातनं चार वेळा लेकराकडं जाऊन यायची मुभा मिळाली, पगारी रजा १२ आठवड्यांची २६ आठवडे झाली. चांगलाच कायदा आहे, त्यात शंका नाही. पण आमच्याकडं सगळ्या मिळून अठरा-वीस बाया. पाळणाघराचा तो नियम आमच्या माडीपर्यंत चढतच नाही.

विडी वळणाऱ्या बायांचं तर त्याहून अवघड. त्यांचा कारखाना घरातच असतो. पान आणि तंबाखू घरी आणायचं, पान भिजवायचं, कापायचं, वळायचं, बंडल बांधून हजाराच्या हिशोबानं नेऊन द्यायचं. बाहेरच्याला वाटतं बाई तर घरातच आहे, लेकराकडं बघायला काय झालं. पण ती कामावर असते, मान वर करायला फुरसत नसते, आणि लेकरू मांडीवरच्या सुपाला हात लावत शेजारीच खेळत असतं. माझ्या सासूबाई विड्या वळतात, शेजारच्या अव्वा पण वळतात, दोघींच्या भरवशावर धाकट्याला ठेवून मी कामाला जायचे. तो रांगायला लागल्यावर एके दिवशी त्यानं चिमूटभर तंबाखू तोंडात घातली, उलट्या काय थांबेनात, सिव्हिलला पळवला. सुदैवानं बरा झाला. सासूबाईंची यात काहीच चूक नाही, साठीच्या बाईनं विड्या पण वळायच्या आणि रांगणारं लेकरू पण सांभाळायचं ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. त्या दिवसानंतर घरात ठरलं की काही झालं तरी दिवसभर लेकरू तंबाखूपासून लांब पाहिजे.

खासगी बघितली नाहीत असं नाही. जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड तिकडं डे केअर आहेत, खेळणी भारी, भिंतीवर चित्रं, कॅमेरे. फी महिन्याला तीन-चार हजाराच्या घरात आणि आमच्या घरापासून रोजचं रिक्षाभाडं वेगळं. माझी पीसची कमाई बघता निम्मी तिथंच जाणार होती. घराजवळ एक बाई स्वतःच्या घरात सहा-सात मुलं सांभाळायच्या, माणूस चांगला, पण एकटं माणूस, त्यांच्या घरात लग्न निघालं की आमचं काम बंद.

म्हणून मग अंगणवाडीत विचारायला गेले.

आमचं केंद्र सकाळी दहाला उघडतं आणि साडेपाचला बंद होतं. योजनेत दिवसाला साडेसात तास आणि महिन्याला २६ दिवस असं धरलेलं आहे, टायमिंग तिथल्या बायांच्या कामाप्रमाणं पुढंमागं करता येतं, आमच्या इथं आधी साडेनऊ होतं, आम्ही सात-आठ जणी जाऊन मुलं सांभाळणाऱ्या ताईंशी बोललो मग दहा-साडेपाच झालं. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुलं घेतात, एका केंद्रात २५ पर्यंत. नेहमीच्या अंगणवाडीत हे नसतं हे लक्षात घ्या, तिथं तीन ते सहा वर्षांची मुलं काही तास येतात, शिकतात, गरम जेवण जेवतात आणि घरी जातात, आणि तीन वर्षांच्या आतल्या बाळाला घरी न्यायचा आहार देतात. बाळाला दिवसभर कोणी ठेवून घेत नाही. पाळणा जोडलेल्या अंगणवाडीतच तेवढं ठेवून घेतात, त्यासाठी पाळणा सेविका आणि पाळणा मदतनीस अशा दोन बाया वेगळ्या नेमलेल्या असतात.

खोली एकच, लांबट, मधे एक कपाट आडवं लावून दोन भाग केलेत. पुढच्या भागात मोठी मुलं गाणी-गोष्टी करतात, मागच्या भागात बारकी. मागं फरशीवर सतरंजी आणि त्यावर आपल्या सोलापुरी चादरी घातलेल्या, त्यातल्या दोन आम्ही आयांनीच आणून दिल्या, दोरीचे दोन पाळणे आहेत, एक पंखा. खेळणी बेताची. स्वच्छता मात्र मी स्वतः अवचित जाऊन बघितलीय, फरशी पुसलेली असते, शी-शू झालेलं लेकरू तसंच बसलंय असं मला एकदाही दिसलं नाही. आणि हे कुठल्या गावात तर जिथं नळाला पाणी चार-पाच दिवसाआड येतं. मदतनीस मावशी पाण्याच्या दिवशी लवकर येऊन बॅरल भरून ठेवतात, प्यायचं वेगळं झाकून, धुण्याचं वेगळं. पाण्याला उशीर झाला तर मावशींना थांबावं लागतं. या कामाचा कुठल्याच कागदावर उल्लेख नसणार, पण २५ लेकरं अडीचशे लिटर पाण्याशिवाय सांभाळून दाखवावीत कोणी.

खाणं तीन वेळा. आल्यावर नाश्ता, दुपारी गरम जेवण, संध्याकाळी दूध किंवा अंडं किंवा केळं. नाश्त्याला बहुतेक वेळा लापशी नाहीतर उपमा, दुपारी खिचडी, वरणभात, मटकीची उसळ, कधी शेंगदाण्याचा लाडू. माझा पोरगा घरी भात सोडून कशाला हात लावत नव्हता, तिथं सगळ्यांच्या पंगतीत बसून उसळ खातो आणि घरी येऊन मागतो. अंगणवाडीच्या आहाराला एका मुलामागं दिवसाला ८ रुपये हा दर २०१७ च्या सुमारास ठरलेला, तेवढ्यात पाचशे कॅलरी आणि बारा ते पंधरा ग्रॅम प्रोटीन बसवायचं. आपण किराणा दुकानात जातो, शेंगदाणे काय भावानं आहेत, डाळ काय भावानं आहे आपल्याला माहितीय, एक अंडं आणायला गेलं तरी त्यात जवळपास सगळे पैसे जातात. पाळणाला जादा आहाराची तरतूद धरलेली असल्यामुळं संध्याकाळचं खाणं निघतं, पण दूध पातळ असतं, हे खरं आहे ते लिहिलं पाहिजे. मी विचारलं तर ताईंनी काही लपवलं नाही, हिशोबाची वही समोर ठेवली.

वजन दर महिन्याला करतात. कार्डावर रंगांचे पट्टे असतात, हिरवा म्हणजे वजन ठीक, पिवळा म्हणजे कमी, आमचा धाकटा घातला तेव्हा पिवळ्यात होता, आता हिरव्यात आलाय, म्हणजे पट्ट्याच्या खालच्याच बाजूला आहे पण आलाय. लसीकरणाच्या तारखा ताई आठवणीनं सांगतात. ताप असेल तर घेत नाहीत, आणि हे नियम म्हणून ठीकच आहे, पण ज्या बाईची त्या दिवशीची कमाई बुडते तिला ते जड जातं, तिथं वाद होतात, मी बघितलेत.

आता ताईंबद्दल. पाळणा सेविका तिशीतल्या आहेत, तेलुगू घरातल्या, मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतात, त्यामुळं कोणाचंही लेकरू आलं तरी त्याच्या घरच्या बोलीत त्याला समजावतात. पहिल्या आठवड्यात धाकटा इतका रडायचा की माझं मशीनवर लक्ष लागायचं नाही, एक टीप सरळ येईना. ताई म्हणल्या, वहिनी तुम्ही पहिले दिवस इथंच बसा, मग तासभर जाऊन या, मग दोन तास, घाई करू नका. आणि रोज दुपारी व्हॉट्सअॅपवर तो झोपल्याचा फोटो पाठवायच्या, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं पाठवा म्हणून. आता तो सकाळी दारातनं आत पळतो, मागं वळून बघत पण नाही. मोठ्या अंगणवाडी सेविका, त्यांना सगळे मॅडमच म्हणतात, त्या पण जीव लावतात, पण त्यांच्यामागं मोबाईलचं लय काम लागलंय, पोषण ट्रॅकर या सरकारी अॅपवर हजेरी, वजनं, फोटो, गरोदर बायांच्या नोंदी, आहाराच्या नोंदी. नेट नसलं की गच्चीवर जाऊन उभ्या राहतात.

इथं मला पैशाचं बोलायचंय, जरा शांतपणे वाचा.

पाळणा योजना २०२२ पासून केंद्र सरकारच्या मिशन शक्ती या बायांसाठीच्या योजनेखाली आहे, खर्च केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के. अंगणवाडीला जोडलेल्या केंद्रात पाळणा सेविकेला महिन्याला ५,५०० रुपये मानधन आणि मदतनीसाला ३,००० रुपये. अंगणवाडीच्या मूळ सेविकेला या जादा कामाचे १,५०० आणि मूळ मदतनीसाला ७५०. मी घरी बसून हिशोब केला, ५,५०० ला २६ दिवसांनी भागलं तर दिवसाला २११ रुपये येतात. मदतनीस मावशींना ११५. साडेसात तास, २५ पर्यंत लेकरं, भरवायचं, झोपवायचं, पुसायचं, पाणी भरायचं. मी मशीनवर बसून त्यांच्यापेक्षा जास्त कमावते, आणि ते कमवू शकते कारण त्या तिथं बसल्यात. माझ्या प्रत्येक कॉलरमध्ये त्यांचा हिस्सा आहे असं मला मनापासून वाटतं. आणि एवढी रक्कम सुद्धा महिन्याच्या महिन्याला हातात येत नाही, दोन-दोन महिने थांबून एकदम येते. एकदा मावशींनी मला उसने मागितले, लेकीच्या शाळेचं काहीतरी होतं. माझं लेकरू सांभाळणाऱ्या बाईवर ही वेळ यावी हे मला सहन झालं नाही.

म्हणून कोणी मला म्हणलं की सरकारी पाळणाघर म्हणजे तसलंच असणार, तर मला राग येतो. तिथं जे चांगलं आहे ते त्या दोन बायांच्या अंगावर चाललंय.

मोठ्या मुलीच्या वेळी मी दुसरा प्रकार पण बघितलाय. २०१९ ची गोष्ट, तेव्हा एका महिला मंडळाचं पाळणाघर होतं, राष्ट्रीय पाळणाघर योजनेतलं. त्याला फी होती, दारिद्र्यरेषेखालच्यांना महिन्याला २० रुपये, घरची कमाई बारा हजारापर्यंत असेल तर १००, त्याच्यावर असेल तर २००. आम्ही दोनशे भरायचो, खुशीनं भरायचो. तिथं सेविकेला ३,००० आणि मदतनीसाला १,५०० मानधन, आणि खर्चाची वाटणी केंद्र ६०, राज्य ३०, राहिलेले १० टक्के संस्थेनं स्वतः उभे करायचे. त्या मंडळाच्या अध्यक्षबाई दुकानादुकानात जाऊन वर्गणी मागायच्या, गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल लावून शेंगाची चटणी आणि कडक भाकरी विकायच्या, असं करून तो दहावा हिस्सा भरायच्या. अनुदान वेळेवर आलं नाही की भाडं थकायचं. शेवटी एक दिवस घरमालकानं खोली मागितली आणि बंद झालं. पुढं मी वाचलं की देशभरात असंच झालं, २०१५ च्या सुमाराला वीस हजारांच्या वर पाळणाघरं होती ती पाच-सहा वर्षांत साडेसहा हजारांच्या आसपास राहिली. म्हणजे आमचं एकट्याचं नशीब वाईट नव्हतं. त्यामानानं आताची अंगणवाडीला जोडायची पद्धत मला जास्त भरवशाची वाटते, खोलीचा प्रश्न वेगळा सोडवावा लागत नाही, वजनकाटा, आहार, सेविका आधीच तिथं असतात, आणि कुठल्या मंडळाला वर्गणी मागत फिरावं लागत नाही.

पण संख्या बघा. राज्यात अंगणवाड्या एक लाख दहा हजाराच्या आसपास, आणि २०२५ ला राज्यानं पहिल्या टप्प्यात पाळणा केंद्रं मंजूर केली ती ३४५. छत्तीस जिल्ह्यांत वाटली तर एका जिल्ह्याला नऊ-दहा. देशाचं सगळं मिळून लक्ष्य सतरा हजारांचं. एका सोलापूर शहराच्या पूर्व भागात, अशोक चौक, साखर पेठेपासून ते अक्कलकोट रोड एमआयडीसीपर्यंत, गारमेंट, टॉवेल, चादर, विडी यात किती बाया आहेत ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायांना दहा हजार घरं मिळाली, १९ जानेवारी २०२४ ला रेनगरला पंधरा हजार घरं दिली, माझी नणंद तिकडंच राहते, घर मिळाल्यावर ती रडली होती आनंदानं. एवढ्या कष्टकरी बाया एका जागी राहायला गेल्यावर पाणी आणि दिव्याच्या बरोबरीनं पाळणाघर मोजलं पाहिजे असं मला वाटतं. नणंद अजून पोरगी सासूजवळ सोडून जाते, आणि सासू विड्या वळते. आमच्या घरी होतं तेच.

घरच्यांना सरकारकडनं पैसे मिळतात की, मग पाळणाघर कशाला, असं आमच्या ओळखीतले एक काका म्हणले, म्हणून त्याचं पण लिहिते. मोठीच्या वेळी मला मातृवंदनाचे, म्हणजे बाळंतपणासाठीच्या सरकारी योजनेचे, पाच हजार मिळाले, तेव्हा तीन हप्त्यात यायचे, सोनोग्राफी आणि औषधात गेले, उपयोग झालाच. आता पहिल्या बाळाला तेवढेच पाच हजार दोन हप्त्यात देतात आणि दुसरी मुलगी झाली तर सहा हजार एकदम, माझा दुसरा मुलगा असल्यामुळं ते नाही मिळाले. जुलै २०२४ पासून लाडकी बहीणचे दीड हजार येतात. त्या पैशाला मी नावं ठेवणार नाही, ते माझ्या खात्यात येतात, माझ्या हातात असतात, त्यातनं घरचा गॅस आणि मोठीचे शाळेचे खर्च निघतात. पण दीड हजारात दिवसभर लेकरू सांभाळणारं माणूस सोलापुरात मिळत नाही, कुठंच मिळत नसेल. लेकराला जागा लागते आणि माणूस लागतं, आणि ते माणूस टिकायचं तर त्याला पगार लागतो. माझ्यासारख्या २५ आयांना प्रत्येकी अजून शंभर-दोनशे देण्यापेक्षा तेच पैसे त्या ताई आणि मावशींना वेळेवर दिले तर मला जास्त फायदा आहे. आणि गंमत करत नाही, गंभीरपणे सांगते, लाडकी बहीणचे आमचे फॉर्म भरून दिले ते याच अंगणवाडीच्या बायांनी, दिवसभर केंद्र करून संध्याकाळी बसून, अर्जामागं त्यांना ५० रुपये ठरले होते. सगळ्या योजनांची वाट त्यांच्याच दारातनं जाते.

तक्रारी सांगायच्या तर पहिली वेळेची. साडेपाचला बंद आणि आमचा कारखाना सीझनला सातपर्यंत. मधला दीड तास मोठी मुलगी आणि सासूबाई मिळून बघतात, तोपर्यंत सूप-तंबाखू उचलून ठेवलेलं असतं, सासूबाईंनी स्वतःहून तसं ठरवलं. ज्यांच्याकडं असं कोणी नाही त्या पाचलाच उठतात आणि तेवढे पीस सोडतात. पाळणा सेविका दोन असत्या, एक सकाळी लवकर येणारी आणि एक उशिरापर्यंत थांबणारी, तर हा प्रश्न राहिला नसता, पण त्याला पुन्हा मानधनच लागतं. दुसरी तक्रार उन्हाळ्याची. आपला एप्रिल-मे सगळ्यांना माहितीय, पारा बेचाळीसच्या पुढं जातो, एका पंख्याखाली बारकी लेकरं झोपत नाहीत, अंगावर घामोळ्या येतात. आम्ही आयांनी मिळून एक जुना कूलर दिलाय, चालतोय, पण त्याला पाणी लागतं आणि पाण्याचं वर लिहिलंच आहे. तिसरी, लहान मुलांच्या उंचीचं शौचालय नाही, आहे ते मोठ्यांचं, मावशींना प्रत्येकाला धरून बसवावं लागतं. सहा-आठ महिन्यांची बाळं घेतात, पण मला विचाराल तर अंगावर पिणारं बाळ असेल तर तुमचं काम चालत जाण्याच्या अंतरावर असेल तरच घाला, कारण दूध पाजायला मधे यावं लागतं आणि ताई येऊ देतात, कधीही या म्हणतात.

आमच्याकडनं आजपर्यंत महिन्याची फी घेतलेली नाही. डायपर, जादा कपड्यांचे दोन जोड, बारकं टॉवेल आणि पाण्याची बाटली आपली द्यायची, सगळ्यावर नाव लिहून द्या कारण टॉवेल सगळ्यांचे सारखेच असतात, इथलेच विणलेले.

मार्क द्यायचे तर सांभाळण्याला पाचपैकी पाच, जेवणाला चार, जागेला तीन, वेळेला दोन.

जायचं असेल तर आधी आपल्या भागातल्या कुठल्याही अंगणवाडीत जाऊन विचारा की जवळ पाळणा जोडलेलं केंद्र कुठं आहे, त्यांना माहीत असतं. जाताना बाळाचा जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं माता-बाल कार्ड आणि बाळाचे दोन फोटो न्या, आमच्याकडं एवढंच मागितलं, काम कुठं करता ते तोंडी विचारून लिहून घेतलं. दुपारी एक ते तीन जाऊ नका, मुलं झोपलेली असतात आणि ताईंना उठून बोलावं लागतं. जागा भरलेली असली तरी नाव आणि नंबर लिहून या, सहा वर्षांची मुलं जूनला पहिलीत जातात तेव्हा जागा निघतात, म्हणून मे महिन्यातच एक चक्कर मारा, आमच्या केंद्रात यंदा चार जागा निघणार आहेत असं ताई म्हणल्यात.